मेंदूचें रंगकाम



आमच्या वडिलांचा सूत रंगविण्याचा धंदा होता. परसांत दोन हौद, एक भट्टी आणि दोरीवर सदैव वाळत घातलेल्या लडी, असें आमचें घर असे. मी त्या धंद्यांत पडलों नाहीं. मॅट्रिक झालों आणि शाळेंत शिकवूं लागलों. परंतु लहानपणीं पाहिलेली एक गोष्ट मनांत कायमची राहिली. मंजिष्ठेच्या काढ्यांत सूत नुसतेंच बुडविलें तर दोन धुण्यांत रंग निघून जाई. तेंच सूत आधीं तुरटीच्या पाण्यांत भिजवून घेतलें म्हणजे रंग असा पक्का बसे कीं, कापड विरावें पण रंग जाऊं नये. वडील म्हणत, रंगाची आणि सुताची आधीं कुणीतरी ओळख करून द्यावी लागते. हें वाक्य मनांत ठेवून आपण आज एका निराळ्याच रंगशाळेंत जाणार आहों. तेथें सूत नाहीं, रेशीम नाहीं. तेथें माणसाच्या मेंदूचे पातळ काप रंगवितात, आणि त्या रंगांवरून अल्झायमरचा रोग ओळखतात.

हा विषय मीं हौसेनें निवडलेला नाहीं. माझी थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणत असूं, चार वर्षांपूर्वीं गेली. वडिलांच्या धंद्याचे सगळे हिशेब जिच्या तोंडीं असत, ती आक्का शेवटच्या सहा वर्षांत प्रथम तारखा विसरली, मग नातवंडांचीं नांवें विसरली, आणि अखेरीस मला "मास्तर, आपलें गांव कोणतें?" असें अदबीनें विचारूं लागली. ती वारल्यावर इस्पितळांतील एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं मला बाजूस घेऊन हळूच विचारलें कीं, मेंदूची तपासणी करूं द्याल का? रोग कोणता होता हें त्यावांचून निश्चयानें सांगतां येणार नाहीं. बाहेर माणसें खोळंबलीं होतीं, संध्याकाळ होत आली होती. मीं नाहीं म्हटलें. आतां आक्काचा मुलगा, माझा भाचा, पन्नाशी ओलांडून गेला आहे. किल्ली कोठें ठेवली हें आठवेनासें झालें कीं तो मला फोन करतो आणि विचारतो, "मामा, आईला नक्की तोच रोग होता का?" बहुतेक रोग्यांत हा रोग आईबापांकडून सरळ वारशानें येत नाहीं, असें मी त्यास वाचलेल्या पुस्तकांच्या आधारें सांगतों. पण त्याचा प्रश्न तो नव्हे. त्याच्या प्रश्नास उत्तर असूं शकलें असतें. तें कसें मिळालें असतें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

मेंदू नुसत्या डोळ्यांनीं पाहिला तर त्यांत फारसें कांहीं कळत नाहीं. वजन सुमारें १३०० ग्रॅम, रंग करडा-पांढरा, आणि ताजा असतां इतका मऊ कीं, ताटांत ठेवला तर आपल्याच भारानें पसरतो. म्हणून पहिलें काम त्यास घट्ट करण्याचें. फॉर्मॅलिन हें द्रव्य त्या कामीं येतें, ही गोष्ट फेर्डिनांड ब्लूम या डॉक्टरानें १८९३ सालीं फ्रांकफुर्ट शहरीं दाखविली. मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका रक्तवाहिनीखालून दोरा ओंवून तो फॉर्मॅलिनच्या बादलींत उलटा टांगून ठेवतात, म्हणजे बुडाशीं टेकून चपटा होत नाहीं. दोन-तीन आठवड्यांनीं तो घट्ट खरवसासारखा होतो. मग त्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या करतात, ठराविक जागांचे लहान तुकडे काढतात, त्यांतील पाणी मद्यार्कानें काढून टाकून त्या जागीं वितळलेलें मेण भरतात, आणि त्या मेणाच्या विटेचे मायक्रोटोम नांवाच्या यंत्रावर काप काढतात. एक काप पांच ते दहा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा साधारण दहावा हिस्सा. मी एकदां एका प्रयोगशाळेंत उभा राहून हें पाहिलें आहे. पात्याखालून कापांची अखंड फीत निघते. ती कोमट पाण्यावर सोडली कीं सुरकुत्या उलगडून सरळ होते, आणि मग कांचेच्या पट्टीवर अलगद उचलून घेतात. तें काम करणाऱ्या गृहस्थांचा हात पाहून मला आमच्या आईचें पापड लाटणें आठवलें.

एवढे कष्ट केल्यावर सूक्ष्मदर्शकाखालीं काय दिसतें? धुकें. काप इतका पातळ असतो कीं, पेशी, तंतू, रक्तवाहिन्या सगळेंच पारदर्शक. येथें रंगाऱ्याची गरज लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींत डांबरापासून कृत्रिम रंग काढण्याचे मोठमोठे कारखाने निघाले. कापडासाठीं केलेले हे रंग डॉक्टरांनीं उचलले. फ्रान्झ निस्ल हा म्यूनिकमधील विद्यार्थी. त्यानें १८८४ सालीं अशाच एका रंगानें मेंदूंतील पेशींचीं शरीरें प्रथम स्पष्ट दाखविलीं. त्याच्याहि आधीं १८७३ सालीं इटलींतील कामिल्लो गोल्जीनें मेंदूचे तुकडे आधीं पोटॅशियम डायक्रोमेटांत आणि मग सिल्व्हर नायट्रेटांत बुडवून कांहीं थोड्याच पेशी शाखा-उपशाखांसह काळ्या करण्याची युक्ति काढली होती; थोड्याच रंगतात म्हणूनच त्या दिसतात, सगळ्या रंगल्या असत्या तर रान दिसलें असतें, झाड नाहीं. रोगनिदानाच्या प्रयोगशाळेंत रोज वापरतात तो रंग मात्र निराळा. तो मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या लांकडांतून निघतो, हिमॅटॉक्सिलिन त्याचें नांव, आणि त्यानें पेशींचीं केंद्रें निळीं-जांभळीं होतात. हा रंग पक्का बसविण्यास काय लागतें, ठाऊक आहे? तुरटी! हें वाचलें तेव्हां वडील हयात असते तर किती बरें झालें असतें, असें वाटलें.

पण या नेहमींच्या रंगानें अल्झायमरच्या खुणा पुरत्या दिसत नाहींत. ठिपके फिकट गुलाबी डागांसारखे पुसट राहतात, गुंते तर अनुभवी डोळ्यासहि चुकवितात. त्यांना चांदी लागली.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजीं फ्रांकफुर्ट येथील मनोरुग्णालयांत ऑगस्टे डेटर नांवाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर आलोइस अल्झायमर हे निस्लचे स्नेही. त्यांनीं लिहून ठेवलेले प्रश्नोत्तर वाचवत नाहींत. नांव विचारलें, तर ऑगस्टे. आडनांव विचारलें, तरी ऑगस्टे. नवऱ्याचें नांव विचारलें, तर थोडें थांबून पुन्हां ऑगस्टे. पानांत फुलकोबी आणि मांस होतें. काय खातां, असें विचारल्यावर ती म्हणाली, पालक. आपण स्वतःलाच हरवून बसलों आहों, अशा अर्थाचें ती बोले. आमच्या घरांत ज्यांनीं आक्काला पाहिलें, त्यांना या टिपणांत नवीन कांहींच नाहीं.

ती बाई ८ एप्रिल १९०६ रोजीं वारली. अल्झायमर तोंवर म्यूनिकला गेले होते. त्यांनीं मेंदू तेथें मागवून घेतला. त्याच सुमारास बर्लिनच्या माक्स बीलशोव्स्कीची चांदीची नवी पद्धति प्रसिद्ध होऊन तीन-चार वर्षें झालीं होतीं. ती अल्झायमर यांनीं या मेंदूच्या कापांवर चालविली, आणि पूर्वीं कोणी न वर्णिलेला देखावा समोर आला. पेशींच्या आंत जाड, काळेभोर तंतू, एकमेकांस चिकटलेले, जणूं सुताचा गुंता. कित्येक ठिकाणीं पेशीचें केंद्र व शरीर नाहींसें झालेलें, आणि पूर्वीं येथें पेशी होती याची खूण म्हणून नुसता गुंताच उरलेला. मेंदूच्या कवचांतील चतुर्थांश ते तृतीयांश पेशींची ही अवस्था, असें त्यांनीं नोंदविलें. शिवाय सर्वत्र बारीक दाण्यांसारखे ठिपके, कसल्यातरी चमत्कारिक द्रव्याचे. हें द्रव्य रंगाविनाहि ओळखूं येतें, मात्र रंग घेण्यास तें फार हट्टी आहे, असेंहि त्यांनीं लिहिलें. ३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्यूबिंगेन येथें त्यांनीं हें सर्व वैद्यांच्या सभेंत सांगितलें. श्रोत्यांपैकीं एकानेंहि प्रश्न विचारला नाहीं, असें सांगतात.

येथें न्यायाची एक गोष्ट. प्राग येथील ऑस्कर फिशर यानेंहि तीच चांदी वापरून १९०७ सालीं वार्धक्यांतील बुद्धिभ्रंशाचे १६ मेंदू तपासले आणि त्यांपैकीं १२ मेंदूंत हे ठिपके दाखविले. एका बाईच्या मेंदूपेक्षां हा पुरावा मोठा. परंतु म्यूनिकच्या एमिल क्रेपेलिन यांनीं १९१० सालच्या आपल्या ग्रंथांत रोगास अल्झायमरचें नांव दिलें, तें कायम झालें. फिशर ज्यू होता. १९४२ सालीं नाझींच्या टेरेझिन येथील बंदिवासांत तो मेला. शाळेच्या पुस्तकांत त्याचें नांव मीं कधीं पाहिलें नाहीं.

आतां ही चांदी चालते कशी, हें जरा सावकाश सांगतों, कारण मला या सर्व प्रकरणांत हेंच अधिक आवडलें. ज्यांनीं जुन्या फोटोग्राफरची काळोखी खोली पाहिली असेल, त्यांना हें लवकर कळेल. मेण काढून टाकलेला काप सिल्व्हर नायट्रेटच्या द्रवांत अंधारांत, कोमट ठेवतात. चांदीचे कण ठिकठिकाणीं चिकटतात. पण गुंत्यांच्या आणि ठिपक्यांच्या द्रव्याशीं त्यांचें विशेष सख्य. इकडे सिल्व्हर नायट्रेटांत अमोनियाचे थेंब टाकूं लागलें म्हणजे प्रथम तपकिरी गाळ बनतो, आणि थेंब टाकीत गेलें कीं तो गाळ विरघळून पाणी पुन्हां निवळतें. नेमकें तेव्हांच थांबावयाचें. एक थेंब अधिक झाला तर काप बिघडतो. या निवळ पाण्यांत काप पुन्हां ठेवून, फॉर्मॅलिन घातलेल्या द्रवानें चांदी मोकळी करतात. काप आधीं पिवळा, मग तपकिरी होतो, आणि गुंते व ठिपके काळे उमटतात. येथें घड्याळाकडे नव्हे, कापाकडे पाहावें लागतें. हवें तेवढें काळें झालें कीं धुवून हायपोच्या पाण्यांत घालावयाचें. तेंच हायपो, ज्यानें फोटो पक्का करीत. भांडें किंचित् अस्वच्छ असलें तर कांचेवर आरसा धरतो. चिमटा धातूचा घेतला तर तेथेंच चांदी सांठते. आणि तो अमोनियाचा द्रव उद्यांसाठीं म्हणून बाटलींत भरून ठेवूं नये. वाळला तर त्याचा स्फोट होतो. विज्ञानाच्या तासाला मुलांना प्रयोग दाखवितांना जी धास्ती वाटे, ती मला येथें आठवली.

लक्षांत घ्या, हा रंग नव्हेच. काळें दिसतें ती खरोखर धातूची चांदी, कणाकणानें बसलेली. आणि ही चांदी लहरी आहे. एकाच मेंदूचे काप दोन प्रयोगशाळांत दिले तर एकीकडे ठिपके दाट आणि दुसरीकडे विरळ उमटण्याचा संभव असतो. शिवाय ती दाखविते, पण काय दाखविलें तें सांगत नाहीं.

ठिपक्यांतील द्रव्य कोणतें, याचा पहिला सुगावा कापडाच्या रंगानें दिला. १८८४ च्या सुमारास पाउल ब्योटिगर या जर्मन रसायनज्ञानें कांगो रेड हा तांबडा रंग काढला. त्याची मातब्बरी ही कीं, सुती कापडावर तो तुरटीवांचून सरळ बसे. नांवाचा आफ्रिकेशीं कांहीं संबंध नाहीं. त्या दिवसांत बर्लिनमध्यें कांगोविषयीं मोठी परिषद भरली होती आणि तें नांव सर्वांच्या तोंडीं होतें, इतकेंच. धंद्याच्या दृष्टीनें रंग फारसा चांगला नव्हे, कारण लिंबाचा थेंब पडला तरी तांबड्याचा निळा होतो. परंतु १९२२ सालीं बेनहोल्ड या डॉक्टरास आढळलें कीं, अमिलॉइड नांवाच्या रोगट द्रव्यास हा रंग घट्ट धरतो. अमिलॉइड म्हणजे पिष्टासारखें. फिर्शो यांनीं १८५४ सालीं हें द्रव्य आयोडीननें रंगतें असें पाहून तसें नांव ठेवलें. पांच वर्षांतच तें पिष्ट नसून प्रथिन आहे हें सिद्ध झालें, पण चुकीचें नांव चिकटलें तें चिकटलें. १९२७ सालीं बेल्जियममधील पाउल दिव्री यांनीं मेंदूंतील ठिपक्यांवर कांगो रेड घातला आणि ध्रुवित प्रकाशांत पाहिलें. दोन ध्रुवक आडवे-उभे ठेवले म्हणजे दृष्टिक्षेत्र काळोखें होतें. त्या काळोखांत ठिपक्यांचे गाभे हिरव्या सफरचंदाच्या रंगानें उजळले. तांबडा रंग दिला आणि हिरवा दिसला; वडिलांच्या हौदांत असें कधीं घडलें नाहीं.

असें कां व्हावें? कापसाच्या तंतूंत पिष्टाच्याच जातीचे लांब रेणू एकमेकांशेजारीं ओळीनें निजलेले असतात, आणि कांगो रेडचा लांबट, सपाट रेणू त्यांच्या अंगाला अंग लावून बसतो. अमिलॉइडांत प्रथिनांचे तुकडे विटांसारखे एकावर एक रचून लांबच लांब तंतू बनलेले असतात; त्यांच्या बाजूंच्या खांचांत हा रंग तसाच ओळीनें बसतो, आणि ओळीनें बसल्यामुळेंच प्रकाश असा वागतो. म्हणजे रंगानें केवळ जागा दाखविली नाहीं, रचना सांगितली. १९५९ सालीं थायोफ्लेविन नांवाचा पिवळा रंगहि या कामीं आला. विशिष्ट प्रकाशांत त्यानें रंगलेले ठिपके स्वतः चमकतात, आणि मोजण्यास फार सोयीचे पडतात.

पुढचा इतिहास झपाट्यानें सांगतों. १९६३ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं मायकेल किड यांनीं गुंत्यांतील तंतू दोन-दोन मिळून पिळलेले दाखविले. १९८४ सालीं ग्लेनर आणि वाँग यांनीं अमिलॉइडचें प्रथिन मेंदूच्या आवरणांतील रक्तवाहिन्यांतून वेगळें काढलें. ठिपक्यांत असतें तेंच हें. गुंते टाउ नांवाच्या दुसऱ्याच प्रथिनाचे, हें १९८५-८६ च्या सुमारास कळलें. दोन्हीं प्रथिनांचीं नांवें कळल्यावर रंगकामाची रीतच पालटली. एखाद्या प्राण्याच्या शरीरांत तें प्रथिन टोंचलें म्हणजे त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडें तयार होतात. कोहलर आणि मिलस्टाइन यांनीं १९७५ सालीं एकाच जातीचीं प्रतिपिंडें हवीं तितकीं काढण्याची रीत शोधली होती. अशीं प्रतिपिंडें कापावर सोडलीं कीं तीं आपल्याच प्रथिनाला जाऊन चिकटतात, दुसऱ्या कशालाहि नाहीं; त्यांच्या शेंपटाला जोडलेल्या पाचक द्रव्यानें मग त्या जागीं तपकिरी रंग उमटवावयाचा. अमिलॉइडचे ठिपके आपलें अंग इतकें आवळून बसलेले असतात कीं, काप आधीं फॉर्मिक आम्लांत थोडा वेळ ठेवावा लागतो. रंगाची आणि सुताची ओळख करून देण्याचा हा अगदीं शेवटला प्रकार म्हणावा. आज निदानासाठीं याच रीतीवर विश्वास ठेवतात, आणि तें योग्यच आहे. चांदीवरचा माझा लोभ हा केवळ म्हाताऱ्याचा लोभ समजावा.

तरी चांदीनें जातां जातां एक मोठें काम केलें. जर्मनींतील हाइको ब्राक आणि त्यांच्या पत्नी एव्हा ब्राक यांनीं ८३ मेंदूंचे जाड काप गल्यास या हंगेरियन संशोधकाच्या चांदीच्या रीतीनें रंगविले, आणि १९९१ सालीं दाखविलें कीं, गुंते वाटेल तेथें होत नाहींत. ते कानशिलाच्या आंतील एका लहानशा पट्ट्यांत प्रथम दिसतात, तेथून स्मृतीचें दार म्हणतां येईल अशा हिप्पोकॅम्पसमध्यें शिरतात, आणि मग साऱ्या कवचावर पसरतात. या वाटचालीच्या त्यांनीं सहा पायऱ्या ठरविल्या. पहिल्या दोन पायऱ्या चढलेल्या माणसास बहुधा कांहींच जाणवत नाहीं. ठिपक्यांपेक्षां या पायऱ्यांचा मेळ विस्मरणाशीं अधिक बसतो.

अधिक बसतो, पूर्ण बसत नाहीं. अमेरिकेंत १९८६ सालीं सुरू झालेल्या एका अभ्यासांत ६७८ ख्रिस्ती जोगिणींनीं मरणोत्तर आपले मेंदू तपासावयास देण्याचें कबूल केलें. त्यांतील एक १०१ वर्षांची होऊन वारली. अखेरपर्यंत तिची बुद्धि उत्तम होती, आणि मेंदूंत गुंते व ठिपके भरपूर निघाले. म्हणून तज्ज्ञ नुसता काप पाहून निकाल देत नाहींत. घरच्या माणसांनीं सांगितलेली हकीकत शेजारीं ठेवतात. उलटपक्षीं, विसरभोळेपणाचें कारण मेंदूंतील बारीक रक्तवाहिन्या तुंबणें हेंहि असूं शकतें, किंवा अन्य प्रथिनांचे रोगहि असूं शकतात; आणि पुष्कळदां दोन रोग एकाच मेंदूंत नांदतात. आक्काला काय होतें, हें म्हणूनच लक्षणांवरून मला ठरवितां येत नाहीं.

जिवंत माणसाचा मेंदू रंगवितां येईल का, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत आला असेल. पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनीं तो मनावर घेतला. थायोफ्लेविनच्या रेणूवरचा विद्युद्भार काढून टाकला, म्हणजे तो रक्तांतून मेंदूंत शिरतो. त्यास किरणोत्सर्गी कार्बन जोडला, म्हणजे बाहेरून यंत्राला दिसतो. या कार्बनाचें बळ वीस मिनिटांत निम्मे होतें, तेवढ्यांत सगळें उरकावें लागतें. २००२ च्या फेब्रुवारींत स्वीडनमधील उप्साला येथें पहिल्या रोग्यास हा रंग दिला, आणि अमिलॉइड पडद्यावर उजळलें. २०२५ च्या मे महिन्यांत रक्ताच्या एका तपासणीसहि अमेरिकेंत मान्यता मिळाली. आक्काच्या आजारांत यांपैकीं कांहींच झालें नाहीं. कोणी सुचविलें नाहीं, आणि आम्हांसहि ठाऊक नव्हतें.

त्या संध्याकाळीं मीं हो म्हटलें असतें, तर काय झालें असतें? मेंदू कांहीं तासांत काढावा लागला असता. देह त्याच दिवशीं परत मिळाला असता, आणि चेहऱ्यावर कसलीहि खूण दिसली नसती. हें मीं मागाहून विचारून घेतलें. बेंगळूर येथील निम्हान्स या संस्थेंत मेंदूंचा असा संग्रह १९९५ पासून आहे. मेणाच्या विटा वर्षानुवर्षें टिकतात. ऑगस्टे डेटर या बाईचे अडीचशेंहून अधिक काप म्यूनिकच्या एका तळघरांतून हुडकून काढून १९९८ सालीं पुन्हां तपासले गेले, तेव्हां अल्झायमर यांच्या चांदीनें काळे केलेले गुंते नव्वद वर्षांनंतरहि स्पष्ट दिसत होते.

माझ्या स्वतःच्या मेंदूविषयींचा संमतीचा कागद मीं मागच्या दिवाळींत भरून ठेवला आहे. जवळचा नातलग म्हणून त्यावर भाच्याची सही हवी. कागद त्याच्याकडे पाठविला आहे. सही अजून व्हावयाची आहे.